संमोहन आणि सायकेडेलिक द्रव्यं एकत्र घेण्याबद्दल : सोलापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात समुपदेशन करते आणि गरज असेल तिथे संमोहनही वापरते. पूर्वी लोक परीक्षेची भीती, झोप, तंबाखू अशा कारणांसाठी यायचे. गेल्या काही वर्षांत एक वेगळाच प्रश्न येऊ लागला आहे. मुलगा पुण्याहून नाहीतर बंगळुरूहून सुट्टीला येतो, परत निघताना कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी खांद्याला अडकवूनच माझ्याकडे डोकावतो आणि हळू आवाजात विचारतो, "मॅडम, एलएसडी घेऊन संमोहन केलं तर लवकर फरक पडतो म्हणे. करून देता का ओ?" मी नाही म्हणते. पण नुसतं नाही म्हणून पाठवलं की तो दुसरं कुणीतरी गाठतो. म्हणून कारणांसकट उत्तरं लिहून ठेवली आहेत.

संमोहन म्हणजे नक्की काय? माणूस झोपतो का?

झोपत नाही. पूर्व भागातल्या कुठल्याही यंत्रमाग कारखान्यात जाऊन बघा. बाहेरून आलेल्याला खटखटाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. कामगाराला मात्र तो खटखटाट जाणवतही नाही, तो आपल्याच तंद्रीत असतो. पण चार मागांपैकी एकावरचा धागा तुटला, की त्याची मान बरोबर त्याच मागाकडे वळते. लक्ष एका जागी गोळा झालेलं, बाकीचं जग मागे सरकलेलं आणि तरीही माणूस पुरता जागा. संमोहनाची अवस्था या जातीची आहे.

हिप्नॉटिझम हा शब्द रूढ केला जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने, १८४० च्या दशकात. ग्रीक निद्रादेवतेच्या नावावरून तो घेतला आणि तेव्हापासून झोपेचा गैरसमज त्याला चिकटला तो चिकटलाच. आपल्याकडचा इतिहासही मोठा आहे. ईथरची भूल १८४६ साली बोस्टनमध्ये जगासमोर आली. त्याच्या आदल्या वर्षी बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल हा डॉक्टर मेस्मेरिझमच्या, म्हणजे संमोहनाच्या जुन्या रूपाच्या, आधाराने शस्त्रक्रिया करत होता.

एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. संमोहनात न पटणारी सूचना माणूस नाकारू शकतो. मी कुणाला म्हटलं, "तुमचा हात हलका होऊन वर उचलला जातोय," आणि त्याला ते आवडलं नाही, तर हात मांडीवरच राहतो.

सायकेडेलिक म्हणजे कोणती द्रव्यं? एमडी त्यातच येतं का?

एलएसडी, काही मशरूममध्ये सापडणारं सायलोसायबिन, काही निवडुंगांतलं मेस्कॅलिन आणि डीएमटी ही मनात चित्रं आणि भास उभे करणाऱ्या या द्रव्यांतली मुख्य नावं. अल्बर्ट हॉफमन यांनी बाझेलच्या सँडोझ कंपनीत १९३८ साली एलएसडी तयार केलं. त्याचा मनावर होणारा परिणाम मात्र १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांना स्वतःवरच कळला. एमडीएमए (एक्स्टसी) आणि भुलीचं औषध केटामाइन यांची घडण आणि काम वेगळं आहे, पण उपचारांच्या चर्चेत ती शेजारी बसतात.

सोलापुरात ज्याला एमडी म्हणतात ते मेफेड्रोन. २०२३ साली चिंचोली एमआयडीसीतल्या कारखान्यावर छापा पडला, तेव्हापासून हा शब्द घराघरांत गेला. ते उत्तेजक आहे. एमडीएमए आणि एमडी ही एकाच वस्तूची दोन नावं नव्हेत. "डॉक्टर परदेशात एमडीनेच उपचार करतात" असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

दोन्ही एकत्र करण्याची कल्पना आली कुठून?

अमेरिकेतून, १९६० च्या दशकात. केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथे अफू-हेरॉइनच्या व्यसनींसाठी सरकारी रुग्णालय होतं. तिथे जेरोम लेव्हिन आणि अर्नोल्ड लुडविग या मानसोपचारतज्ज्ञांनी एलएसडी, संमोहन आणि मानसोपचार यांची एकत्र पद्धत बसवली आणि तिला 'हिप्नोडेलिक' असं नाव दिलं. त्यांचा विचार असा होता की एलएसडीने मनात चित्रांचा, भावनांचा लोंढा येतो, पण त्याला दिशा नसते. संमोहनाने दिशा देता येते, पण लोंढा नसतो. तर द्रव्याचा अंमल चढायच्या आधीच संमोहन सुरू करायचं आणि लोंढा आला की त्याला आजाराच्या मुळाकडे वळवायचं.

कागदावर हे फार आकर्षक दिसतं. मी विद्यार्थी असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही भुरळ पडली होती.

मग उपयोग झाला का?

सुरुवातीला झाला असं वाटलं. त्यांनी पाच पद्धतींची तुलना करून १९६५ साली ती प्रसिद्ध केली, तीत एकत्र पद्धतीचे रुग्ण सर्वांत जास्त सुधारलेले दिसले. पण ती सुधारणा थोड्याच काळानंतर, रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवरून मोजलेली होती. नशेच्या मोठ्या अनुभवातून नुकताच बाहेर आलेला माणूस स्वतःबद्दल काय लिहील, याचा अंदाज आपल्याला करता येतो.

पुढे लुडविग यांनीच विस्कॉन्सिनमध्ये १७६ दारूच्या रुग्णांवर मोठा अभ्यास केला. काहींना एलएसडी, मानसोपचार आणि संमोहन तिन्ही, काहींना एलएसडी आणि मानसोपचार, काहींना नुसतं एलएसडी, आणि काहींना यातलं काहीच नाही, फक्त रुग्णालयातली नेहमीची देखभाल. वर्षभर पाठपुरावा केला. चारही गटांत फारसा फरक निघाला नाही. निष्कर्ष १९६९ साली आले. आपल्याच आवडत्या पद्धतीविरुद्ध गेलेला निकाल या माणसाने लपवला नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१२ साली नॉर्वेतल्या दोन संशोधकांनी दारूच्या व्यसनावरचे एलएसडीचे जुने सहा अभ्यास एकत्र तपासले. एकूण ५३६ रुग्ण होते आणि लुडविग यांचा अभ्यासही त्यांत होता. एलएसडी घेतलेल्यांपैकी ५९ टक्के सुधारले, तुलनेच्या गटात ३८ टक्के. म्हणजे द्रव्यात औषधी गुण असू शकेल, तो प्रश्न अजून खुला आहे. संमोहनाची जोड दिल्याने गुण वाढतो, याला मात्र आधार मिळालेला नाही.

एकत्र केल्यावर मनात काय होतं?

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दहा निरोगी स्वयंसेवकांवर केलेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. एकदा एलएसडी देऊन आणि एकदा निष्क्रिय द्रव देऊन त्यांना साध्या सूचना केल्या. हातावर जड वस्तू ठेवली आहे असं समजा, आवडतं संगीत ऐकू येतंय असं समजा. संमोहनाचा कुठलाही विधी केलेला नव्हता. तरीही एलएसडीच्या अंमलाखाली लोकांनी सूचना जास्त जोराने अनुभवल्या. याचा अर्थ असा की या द्रव्याखाली असलेल्या माणसाशी जो कुणी बोलतो, तो ठरवून किंवा नकळत संमोहनच करत असतो. मित्राचा शब्द, आईचा ओरडा, मोबाइलमधला आवाज, सगळं आत उतरतं.

वर मी नाकारण्याच्या ताकदीबद्दल म्हटलं, ती इथे पातळ होते. माझ्या खोलीत बसलेला माणूस नको वाटलं तर डोळे उघडतो, पाणी मागतो, उठून जातो. एलएसडीचा अंमल आठ-दहा तास टिकतो, कधी त्याहूनही जास्त. मधेच उठून घरी जायची सोय त्यात नसते. अशा वेळी सूचना देणारा माणूस कोण आहे, त्याला काय हवंय आणि त्याला किती कळतं, यावरच सगळं ठरतं.

जुन्या, विसरलेल्या आठवणी यातून बाहेर येतात ना?

बाहेर काहीतरी येतं खरं. ते आठवण आहे का, हे सांगता येत नाही. स्मृती कपाटातल्या फाइलसारखी ठेवलेली नसते, आठवताना दर वेळी ती नव्याने विणली जाते. नुसत्या संमोहनाखाली सांगितलेल्या आठवणीही बऱ्याचदा चुकीच्या निघतात. वर सांगणाऱ्याची खात्री मात्र वाढलेली असते. त्यात चित्रं उभी करणारं द्रव्य मिसळलं तर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. पूर्व भागातलं घर, आई विड्या वळणारी, मुलगा पुण्यात नोकरीला. शनिवार-रविवारी तो एका शेतघरावर गेला. तिथे जिभेवर एलएसडी लावलेला कागदाचा तुकडा ठेवायला दिला, डोळ्यांवर पट्टी बांधली, संगीत लावलं आणि थोड्या दिवसांच्या कोर्सवर 'थेरपिस्ट' झालेल्या एका गृहस्थाने बोलायला सुरुवात केली. "मागे जा. सात वर्षांचा हो. एका खोलीत आहेस. तिथे तुला दुखावणारं कोण आहे?" मुलाला थोरला मामा दिसला. सोमवारी त्याने मामाला फोन करून तोंडाला येईल ते सुनावलं.

माझ्याकडे आला तेव्हा त्याचं वजन उतरलं होतं. मी त्याला खरं-खोटं काही सांगितलं नाही, मला ते ठाऊकच नव्हतं. एवढंच विचारलं, "त्या रात्रीच्या आधी हे कधी आठवलं होतं का?" तो बराच वेळ पिशवीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत, सोडत बसला. मग म्हणाला, "खोली आठवते. आजोळची खोली आहे. मामा नंतर आला. सरांनी 'कोण आहे' विचारल्यावर आला."

लहान मुलांवर अत्याचार होतात, ओळखीच्यांकडूनच जास्त होतात, आणि कुणी स्वतःहून सांगितलं तर ते गंभीरपणे ऐकलंच पाहिजे. म्हणूनच या प्रश्नाची मला चीड येते. 'दुखावणारं कोण आहे' असं विचारलं की तिथे कुणीतरी असलंच पाहिजे, असं मन धरून चालतं आणि जागा भरून टाकतं. पुढच्या वेळी त्याची आई आली. बोटांची टोकं तंबाखूने पिवळी झालेली, पदर घट्ट धरलेला. तिने एकच विचारलं, "मॅडम, भावाला यंदा राखी बांधू का नको, तेवढं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

या दोन्हींनी माणसाला कुणाच्याही तालावर नाचवता येतं का?

कळसूत्री बाहुली करता येत नाही. अमेरिकेच्या सीआयएने १९५३ पासून एमके-अल्ट्रा या गुप्त प्रकल्पात एलएसडी, संमोहन आणि बरंच काही वापरून पाहिलं, कित्येकदा त्या माणसांना न सांगता. प्रकल्पाची बहुतेक कागदपत्रं १९७३ साली नष्ट केली गेली आणि प्रकरण १९७५ मध्ये चौकशी समित्यांपुढे उघड झालं. हुकमी चालणारा माणूस काही त्यांना बनवता आला नाही. आयुष्यं मात्र उद्ध्वस्त झाली.

तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. पैसे काढून घेणं, शारीरिक जवळीक लादणं, 'मीच तुझा गुरू' हे मनावर ठसवणं, यासाठी बाहुली करावी लागत नाही. कॅनडात एमडीएमएच्या रीतसर चाचणीतसुद्धा उपचारकांनी रुग्णाशी अत्यंत अयोग्य वर्तन केलं होतं, आणि तिथे तर कॅमेरा चालू होता.

नार्को टेस्ट म्हणजे हेच का?

नाही. त्यात सोडियम पेंटोथालसारखं गुंगीचं औषध देतात. पण सूचनेखालच्या माणसाचं बोलणं किती भरवशाचं, हा प्रश्न तिथेही आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात संमतीशिवाय अशी चाचणी करायला मनाई केली आहे.

परदेशात मान्यता मिळाली आहे म्हणतात. मग भीती कसली?

ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना ठरावीक आजारांसाठी एमडीएमए आणि सायलोसायबिन देता येतं. अमेरिकेत मात्र एमडीएमएचा अर्ज २०२४ च्या ऑगस्टमध्ये औषध प्रशासनाने मंजूर न करता आणखी अभ्यास मागितला. जिथे परवानगी आहे तिथेही आधी तपासणी, तयारीच्या बैठका, दिवसभर सोबत आणि नंतर पुन्हा बैठका असतात. कागदाचा तुकडा आणि ब्लूटूथ स्पीकर म्हणजे उपचार नव्हेत. आणि ही मान्यता संमोहनासकटच्या पद्धतीला मिळालेली नाही, हेही लक्षात घ्या.

भारतात कायदा काय म्हणतो?

एलएसडी, सायलोसायबिन, एमडीएमए ही सगळी १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली येतात. बाळगणं, विकणं, घेणं, सगळाच गुन्हा. एलएसडी ०.१ ग्रॅमच्या वर गेलं की 'व्यावसायिक प्रमाण', त्याला दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी आणि किमान एक लाख दंड, शिवाय जामीन अत्यंत अवघड. "मित्रासाठी आणलं होतं" हे कोर्टात चालत नाही. केटामाइन हे भुलीचं औषध असल्याने रुग्णालयात डॉक्टर ते कायदेशीरपणे वापरतात. तेही घरी घेण्यासाठी नाही.

धोतरा, भांग तर आपलीच आहेत. त्यांच्याबरोबर संमोहन चालेल का?

धोतऱ्याच्या बाबतीत मी हात जोडून सांगते, अजिबात नाही. महादेवाला धोतऱ्याचं फळ वाहतात, सिद्धरामेश्वरांच्या या गावात ते सहज मिळतं, म्हणून ते निरुपद्रवी असेल असं पोरांना वाटतं. धोतरा सायकेडेलिक नाही, विष आहे. त्यातली ॲट्रोपीन आणि स्कोपोलामाइन ही द्रव्यं माणसाला भ्रमात ढकलतात. समोर नसलेल्या माणसाशी तो बोलतो आणि आपण भ्रमात आहोत हेही त्याला कळत नाही. तोंड सुकतं, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, नाडी धावते. घाम येणं बंद होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, त्यात घामच थांबला तर अंग तापून जीव जाऊ शकतो. अशा माणसाला संमोहन, मंत्र, लिंबू-मीठ काही करत बसू नका, थेट सिव्हिलला न्या. खाल्लेल्या बियांचा नमुना मिळाला तर तो बरोबर न्या.

भांगेनेही घाबरट विचार आणि संशय वाढू शकतात. मी भांग घेतलेल्या माणसाला संमोहन देत नाही.

मोबाइलवरचा संमोहनाचा ऑडिओ लावून एकट्याने केलं तर?

रेकॉर्ड केलेल्या आवाजाला तुमचा चेहरा दिसत नाही. मी संमोहन देते तेव्हा माझे डोळे सतत समोरच्याच्या पापण्यांवर, घशावर, बोटांवर असतात. श्वास उथळ झाला, जबडा आवळला गेला, की मी वाक्य अर्धवट सोडून परत येते. "खोल जा, आणखी खोल जा" म्हणणारा ऑडिओ तुम्ही घाबरून गुदमरत असलात तरी तेच म्हणत राहतो.

कुणाला धोका जास्त आहे?

स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर असेल त्यांना. अशांना संशोधनाच्या चाचण्यांतही बहुधा घेत नाहीत. फिट्स, हृदयाचा आजार, वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांना. गरोदर बायकांना. आणि गोळ्या चालू असणाऱ्यांना : लिथियमबरोबर एलएसडी किंवा सायलोसायबिन घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आहेत, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर एमडीएमए किंवा आयावास्का (डीएमटी असलेला काढा) घातक ठरू शकतं. अनुभव 'नीट' यावा म्हणून डॉक्टरांची गोळी मनानेच बंद करणारेही मी पाहिलेत. ती चूक वेगळीच आणि मोठी.

घरात कुणी घेऊन आलं तर काय करायचं?

दिवे मंद करा, टीव्ही बंद करा, गर्दी हटवा. त्याला आवडणारं एकच माणूस जवळ बसू द्या. गच्ची, जिना, गाडीची किल्ली यांपासून दूर ठेवा. बांधू नका, मारू नका, "कुणी दिलं, कधीपासून घेतोस" ही चौकशी उद्यावर टाका. तुमचं प्रत्येक वाक्य या वेळी खोल जातंय. "तू वेडा झालास", "आता तू गेलास" हे शब्द चुकूनही काढू नका. बारक्या, खऱ्या वाक्यांत बोला : "मी इथेच आहे. हे औषधाने होतंय. उतरणार आहे. हे पाणी, घोटघोट घे." घरातलं लाडाचं नाव असेल तर त्याच नावाने हाक मारा.

अंग खूप तापलं, छातीत दुखलं, फिट आली, शुद्ध हरपली, किंवा स्वतःला-दुसऱ्याला इजा करायला निघाला तर वाट पाहू नका, १०८ लावा.

द्रव्याशिवाय, नुसत्या संमोहनाने तसा अनुभव येतो का?

काहींना बऱ्यापैकी येतो. पूर्वी एमडीएमए घेतलेल्या लोकांना संमोहनातून तो अनुभव पुन्हा जागवता आल्याचा एक छोटा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला आहे. पण सगळ्यांची सूचनाक्षमता सारखी नसते. थोड्यांना फार खोल जाता येतं, थोड्यांना जवळजवळ नाहीच, बाकी सगळे मधले. मला स्वतःला 'अनुभवा'त फारसा रस नाही. संमोहनाची खरी कामगिरी साध्या जागी आहे : दुखणं, भीती, आतड्यांचा जुनाट त्रास. १९८४ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी पोटाच्या आयबीएस या त्रासावर संमोहनाचा गुण दाखवला, आणि आजही तो उपचार वापरात आहे.

संमोहन करणारा माणूस कसा पारखायचा?

त्याची मूळ पदवी विचारा. तो मानसोपचारतज्ज्ञ आहे का, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का? तुमचे आजार आणि चालू गोळ्या विचारतो का? सोबतच्या माणसाला बाहेर बसू देतो का? पहिल्याच दिवशी गेल्या जन्मात नेतो म्हणाला, आजारावर चमत्काराची हमी दिली, किंवा 'सोबत थोडं हे घे' म्हणाला, तर चप्पल घाला आणि निघा.

मी आधीच घेतलंय. तुम्हाला सांगितलं तर पोलिसांना कळवाल का?

नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद, आणि ते मी पहिल्याच भेटीत सांगते. शिवाय एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचाराला गेली आणि ते पूर्ण केले, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं.

माझ्यापर्यंत यायला संकोच वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही नंबर मोफत आहेत. येणार असाल तर काय घेतलं, कधी घेतलं आणि त्या वेळी शेजारी बसून कोण काय बोलत होतं, हे आठवेल तसं कागदावर लिहून आणा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंही बरोबर असू द्या.